क्रिएटिनिन नॉर्मल, लघवीत प्रोटीन 'निल', तरी बीपीसाठी एसीआर कशाला?

चौकस_सांगली
आईचं वय ६२, बीपीसाठी ॲम्लोडिपिन ५ चालू, शुगर नाही. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.१, रेंजमध्ये, युरिन रूटीनमध्ये प्रोटीन निल. तरी डॉक्टरांनी युरिन एसीआर (लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो) लिहून दिलीय. त्यातून वेगळं काय कळणार? नमुना कसा द्यायचा?

गाळणी
त्या 'निल'वर विसंबू नका. रूटीनची पट्टी अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) बरंच वाढल्याशिवाय रंग बदलत नाही, आणि भरपूर पाणी पिऊन लघवी पातळ झाली असेल तर आणखी फसवते. बीपीने किडनीच्या गाळणीला इजा होऊ लागली की सुरुवातीला अगदी थोडं अल्ब्युमिन निसटतं. एसीआर तेच पकडते. अल्ब्युमिनला लघवीतल्याच क्रिएटिनिनने भागत असल्यामुळे पाण्याचा हिशोब आपोआप जुळतो. ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे वाढलेलं, ३०० च्या वर म्हणजे बरंच वाढलेलं.

रक्तातल्या क्रिएटिनिनची रेंज तर वय बघतच नाही. १.१ ला ३० वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज) साधारण ९३ येतो, ६२ वर्षांच्या बाईंचा ५७! (क्रिएटिनिन, वय आणि लिंग धरून काढायचं २०२१ चं सीकेडी-ईपीआय सूत्र.) तेव्हा आईंचा आकडा 'नॉर्मल' म्हणून सोडू नका. ईजीएफआर ३ महिन्यांनी पुन्हा बघा. तेव्हाही ६० च्या खाली असेल तर तो किडनीचा जुनाट आजार धरतात.

नमुना_खिडकी
सकाळी उठल्यावरची पहिली लघवी, सुरुवातीची धार सोडून मधली. २४ तास साठवायची गरज नाही. ताप, लघवीत जळजळ किंवा पाळी असेल तर पुढे ढकला. आदल्या दिवशी दमछाक होईल असा व्यायामही नको. या सगळ्यांनी आकडा खोटा वाढतो. उपाशी राहायचं कारण नाही. पावती करताना 'अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो' असं स्पष्ट सांगा, नाहीतर नुसतं 'मायक्रोअल्ब्युमिन' (रेशो न काढता फक्त अल्ब्युमिन) करून देतात.

चौकस_सांगली
रिपोर्ट आला. अल्ब्युमिन ४२ मिग्रॅ/लिटर, क्रिएटिनिन ६० मिग्रॅ/डेसिलिटर. रेशो छापलेलाच नाही.

गाळणी
६० मिग्रॅ/डेसिलिटर म्हणजे लिटरला ०.६ ग्रॅम. ४२ भागिले ०.६ = ७० मिग्रॅ/ग्रॅम. वाढलेलं आहे, पण एका नमुन्यावर शिक्का मारत नाहीत. हा आकडा रोज खालीवर होतो. ३ ते ६ महिन्यांत ३ नमुन्यांपैकी २ वाढलेले आले तर खरं मानायचं.

रात्रपाळी_एमडी
पक्कं झालं तर डॉक्टर बहुधा टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलच्या गटातलं औषध देतील. हे गाळणीच्या आतला दाब उतरवतं, म्हणून अल्ब्युमिन कमी होतं. ॲम्लोडिपिन बीपी छान उतरवतं, पण हे काम त्याच्याकडून तितकंसं होत नाही. नवं औषध सुरू झाल्यावर २ ते ४ आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचंच. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर सहसा औषध चालू ठेवतात. लोक इथेच घाबरून परस्पर गोळी बंद करतात. त्याहून जास्त वाढलं किंवा पोटॅशियम चढलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा. गरोदरपणात हा गट चालत नाही. आणि आई गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेत असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर क्रिएटिनिन कशाने वाढलं तेच कळणार नाही.