ब्रश कटर दर जूनला रुसतो, दिवाळीनंतर ठेवताना काय चुकतंय?

नमस्कार मंडळी, गिरणाऱ्याच्या पुढे आमची दीड एकर जागा आहे, थोडे आंबे, चिकू आणि बाकी सगळा बांध. पाऊस लागला की पंधरा दिवसात गवत गुडघ्याला येतं, त्यात गाजरगवत वेगळंच, म्हणून तीन वर्षांपूर्वी ४३ सीसीचा टू-स्ट्रोक ब्रश कटर घेतला. ऑक्टोबरपर्यंत मस्त चालतो. दिवाळीच्या आत शेवटचं गवत काढलं की पुसून शेडमध्ये ठेवतो ते थेट पुढच्या जूनला बाहेर, आणि तेव्हा दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते. यंदा चोक लावला तर फुटफुट करतो, चोक काढला की लगेच बंद. गेल्या वर्षी मेकॅनिकनं अख्खा कार्बोरेटर बदलला, आता परत तेच सांगतोय. टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा वास नाहीच, वार्निशसारखा काहीतरी येतोय. मशीन वडील चालवतात, वय ७२, त्यांना अशी दोरी ओढताना बघवत नाही हो. कोणीतरी नीट सांगा.

मखमलाबादकर
दादा कार्बोरेटर बदलू नका, आधी उघडून बघा. चोकवर चालतो आणि चोक काढला की मरतो म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय, आत कुठेतरी तुंबलंय. तुम्ही अर्धी टाकी आठ महिने तशीच ठेवली ना, तिथंच झालं सगळं. पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, मागे डिंक राहतो. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाणी वेगळं होऊन तळाला बसतं, आणि टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. आमच्या द्राक्षबागेतल्या कटरचं मी मागच्या वर्षी उघडलं तर कार्बोरेटरच्या आत नखापेक्षा लहान जाळी असते ती तपकिरी चिकट थरानं पूर्ण बुजलेली, उजेडात धरली तर एक भोक दिसेना.

करायचं असं, जुनं पेट्रोल सगळं काढा, टाकीत पाईपच्या टोकाला फिल्टर असतो तो वाकवलेल्या तारेनं बाहेर ओढून नवा टाका, स्वस्त असतो. कार्बोरेटरचा रबरी पातळ पडदा (डायफ्राम) आधी काढून बाजूला ठेवा आणि मगच क्लीनर स्प्रे मारा, नाहीतर रबर फुगतं. भोकात तार अजिबात घालू नका, जेट (पेट्रोल येण्याचं ते बारीक भोक) मोठा झाला की मशीन कधीच नीट चालत नाही. डायफ्राम कडक होऊन कागदासारखा वाजत असेल तर किट घ्या.

प्रश्नकर्ता
खूप आभार दादा. अजून एक, पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं? दुकानदारानं "अंदाजे एक झाकण" सांगितलं होतं, आम्ही तसंच टाकतोय.

मखमलाबादकर
अंदाज नको. पुस्तिकेत १:२५ असेल तर लिटरला ४० मिली, १:५० असेल तर २० मिली. मेडिकलमधून सिरिंज आणा, मोजून घाला. ऑइल कमी पडलं तर पिस्टन चिकटतो आणि मग दुरुस्ती कार्बोरेटरपेक्षा कितीतरी महाग. पंधरा दिवसात संपेल एवढंच कालवा, आणि पाण्याच्या बाटलीत ठेवू नका, घरात लेकरं असतात.

इंदिरानगरची ताई
आमच्या सोसायटीत फोर-स्ट्रोक लॉन मूवर आहे, त्याचं जरा वेगळं म्हणून सांगते. त्यात पेट्रोलमध्ये ऑइल कालवायचं नाही, इंजिनचं ऑइल वेगळं. ठेवायच्या आधी ते गरम असतानाच बदला, काळं ऑइल आत राहिलं तर धातू खातं. आणि खालचं गवत खरवडायला मशीन आडवी करताना आधी प्लगची वायर काढा, प्लगची बाजू वर राहील अशीच वाकवा. आमच्या माळीदादांनी उलटी केली होती, ऑइल एअर फिल्टरमध्ये गेलं आणि सुरू केल्यावर अख्ख्या बिल्डिंगमध्ये पांढरा धूर.

सातपूर_गॅरेज
काही जण म्हणतात महिन्यातून एकदा पाच मिनिटं चालवा, बास. मला पटत नाही, कारण उन्हाळ्यात कोणाला आठवत नाही आणि पेट्रोल तर जुनंच राहतं. त्यापेक्षा टाकी रिकामी करा, मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, प्रायमरचा फुगा (कार्बोरेटरजवळचं दाबायचं रबरी बटण) दाबून उरलेलं काढा, परत एकदा ओढून बघा. मग प्लग काढून आत चमचाभर टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये कालवतो तेच), दोरी हळूहळू दोन-तीनदा ओढा म्हणजे सिलिंडरला फिरतं, प्लग परत बसवा. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. गियर हेडमध्ये (पात्याजवळच्या गियरच्या डबीत) ग्रीस भरा, ते सगळे विसरतात. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो, गोणपाट चालेल, आणि जमिनीवर न ठेवता टांगा. शेडमध्ये उंदीर पेट्रोलचा पाईप कुरतडतात, माझ्याकडे अशा मशीन दरवर्षी येतात.

प्रश्नकर्ता
आज सकाळी उघडला. जाळी अगदी तशीच, तपकिरी, आणि जुनं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतलं तर तळाला वेगळा थर दिसला, वडिलांना दाखवला, ते बराच वेळ बरणी उजेडात धरून बघत होते. फिल्टर आणि डायफ्राम नवा टाकला, सिरिंजनं मोजून ऑइल घातलं, तिसऱ्या ओढीला सुरू झाला आणि चोक काढल्यावरही चालू राहिला. वडिलांनी लगेच विहिरीकडचा बांध काढायला घेतला. शेडच्या दारामागे खडूनं लिहून ठेवलंय, दिवाळीआधी टाकी रिकामी.