पोस्टफिक्स आणि डव्हकॉट: रीलोड केव्हा पुरते आणि रीस्टार्ट केव्हा करावेच लागते?

प्रश्न:
आमच्या मेल सर्व्हरवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली असून त्यावर पोस्टफिक्स (मेल पाठवणारी व स्वीकारणारी सेवा) आणि डव्हकॉट (लोकांना त्यांची मेलपेटी उघडून देणारी सेवा) चालतात. काही महिन्यांपूर्वी मी मेन डॉट सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंग फाइलमध्ये 'इनेट इंटरफेसेस' या सेटिंगपुढे 'लूपबॅक ओन्ली' (फक्त याच मशीनवरून) होते ते बदलून 'ऑल' केले आणि पोस्टफिक्स रीलोड केले, म्हणजे सेवा न थांबवता सेटिंग्ज पुन्हा वाचायला लावल्या. सेवेची स्थिती दाखवणाऱ्या 'सिस्टिमसीटीएल स्टेटस' या आज्ञेत हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह' दिसत होते, तरीही बाहेरून एकही मेल आत येत नव्हता. शेवटी संपूर्ण मशीन रीबूट केल्यावर सर्व सुरळीत झाले. तेव्हापासून बदल कितीही लहान असला तरी मी मशीनच रीबूट करतो. मात्र त्यामुळे दर वेळी सर्वांची कनेक्शन तुटतात आणि त्या काळात येणारे मेल हरवत तर नसतील ना, अशी काळजी वाटते. योग्य पद्धत कोणती?

पहिले उत्तर:
काळजीचे उत्तर आधी देतो. पोस्टफिक्सने एकदा स्वीकारलेला मेल डिस्कवरील रांगेत लिहिलेला असतो, त्यामुळे सेवा थांबवली तरी तो तेथेच राहतो. सेवा बंद असताना बाहेरून येऊ पाहणारा मेल पाठवणाऱ्या सर्व्हरच्या रांगेत थांबतो आणि तो सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या पद्धतीच्या आरएफसी ५३२१ या मानकानुसार हे प्रयत्न किमान चार-पाच दिवस चालू ठेवणे अपेक्षित आहे. काही मिनिटांच्या खंडाने मेल हरवत नाही.

आता मूळ अडचणीकडे येऊ. रीलोडने बहुतेक सेटिंग्ज लागू होतात, पण 'इनेट इंटरफेसेस' हा अपवाद आहे. सर्व्हरने कोणत्या पत्त्यांवर कान द्यायचा हे त्यात ठरते आणि ते बदलल्यास पोस्टफिक्स पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करावे लागते, असे त्याच्या दस्तऐवजातच नमूद आहे. म्हणजे आपल्याला रीबूटची नव्हे, तर केवळ पोस्टफिक्सच्या रीस्टार्टची गरज होती.

त्या हिरव्या 'ॲक्टिव्ह'वर मात्र विसंबू नका. डेबियन १२ मध्ये 'पोस्टफिक्स' हे युनिट (प्रणालीतील सेवेची नोंद) नावापुरते आहे; सुरू होताना ते 'ट्रू' ही काहीच न करणारी आज्ञा चालवते आणि 'एक्झिटेड' असे दाखवत राहते. खरी सेवा 'पोस्टफिक्स ॲट डॅश' या युनिटमध्ये असते, म्हणून स्टेटस आणि जर्नल (घडामोडींची नोंद) त्याचेच पाहावे. त्याहून खात्रीचा पुरावा हवा असेल, तर 'एसएस' ही आज्ञा चालवून पोर्ट २५ (मेल स्वीकारण्याचे पोर्ट) कोणत्या पत्त्यावर ऐकत आहे ते पाहा. तेथे केवळ १२७.०.०.१ हा मशीनचा स्वतःपुरता पत्ता दिसल्यास बाहेरचा मेल येणे शक्यच नाही.

रीलोडपूर्वी 'पोस्टफिक्स चेक' आणि त्यानंतर 'पोस्टकॉन्फ डॅश एन' (मेन डॉट सीएफमधील सेटिंग्ज दाखवणारी आज्ञा) चालवण्याची सवय लावावी, असे मी आग्रहाने सांगेन. सेटिंगच्या नावात अक्षर चुकले असेल तर ते नाव वापरात नसल्याची सूचना पोस्टकॉन्फ देते. तसेच ओळीच्या सुरुवातीला चुकून एखादी स्पेस पडली, तर ती ओळ मागच्या ओळीचाच भाग समजली जाते; ही चूक डोळ्यांना सहजासहजी दिसत नाही.

दुसरे उत्तर:
डव्हकॉटविषयी थोडी भर घालतो. लोकांची कनेक्शन तुटतात ती मुख्यतः डव्हकॉट रीस्टार्ट झाल्याने; सेटिंग बदलली असेल तर 'डव्हॲडम रीलोड' बहुधा पुरते. टीएलएस प्रमाणपत्राचे (कनेक्शन सुरक्षित करणाऱ्या फाइलचे) नूतनीकरण झाल्यावर मात्र हे रीलोड विसरू नये, कारण डव्हकॉट नव्या फाइलची दखल आपणहून घेत नाही आणि रीलोड होईपर्यंत जुनेच प्रमाणपत्र देत राहते. प्रमाणपत्राचे नूतनीकरण आपोआप करणारे सर्टबॉट वापरत असाल तर त्याच्या डिप्लॉय हुकमध्येच (नूतनीकरणानंतर चालणाऱ्या आज्ञांत) ही आज्ञा ठेवा. पोस्टफिक्समध्ये एसएमटीपीडीच्या (येणारा मेल स्वीकारणाऱ्या भागाच्या) प्रक्रिया ठरावीक कामानंतर संपून नव्या सुरू होतात, त्यामुळे तेथे नवे प्रमाणपत्र हळूहळू आपोआप लागू होते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. 'पोस्टफिक्स ॲट डॅश'चे जर्नल मी आज प्रथमच उघडले. आणखी एक शंका आहे: रीस्टार्टनंतर रांगेत अडकलेले मेल लगेच जावेत म्हणून मी दर पाच मिनिटांनी 'पोस्टक्यू डॅश एफ' (रांगेतील सर्व मेल लगेच पाठवायला लावणारी, म्हणजे फ्लश करणारी आज्ञा) चालवणारा क्रॉन, म्हणजे वेळापत्रकाने चालणारे काम, लावला आहे. तो ठेवावा का?

पहिले उत्तर देणारे:
कृपया तो काढून टाका. रांगेतील अडलेल्या मेलची पाहणी पोस्टफिक्स स्वतःच दर ३०० सेकंदांनी करते आणि एखादा मेल पुन्हा अडल्यास पुढील प्रयत्नापूर्वीचे अंतर ४००० सेकंदांपर्यंत वाढवत नेते. पाच दिवसांनंतरही तो पोहोचला नाही तर पाठवणाऱ्याकडे परत धाडते. हे सर्व मूळ आकडे आहेत आणि ते विचारपूर्वक ठरवलेले आहेत. वारंवार फ्लश केल्याने बंद पडलेल्या सर्व्हरांचे दार पुन्हा पुन्हा ठोठावले जाते आणि त्या गर्दीत जाऊ शकणाऱ्या मेललाच उशीर होतो. दीर्घ खंडानंतर एकदा हाताने फ्लश करणे योग्य आहे. त्याआधी 'पोस्टक्यू डॅश पी'ने रांग पाहून मेल कोणत्या कारणाने अडले आहेत ते वाचा.