अभिनेत्रीला नोटीस कोणी दिली? ('खुलासा'बद्दल शंका)

सकाळपासून फोनवर तीन मथळे आले : 'अभिनेत्रीचा लग्नाबाबत मोठा खुलासा', 'घोटाळ्याचा धक्कादायक खुलासा', 'सोन्याच्या दराबाबत तज्ज्ञांचा खुलासा'. आमच्या ऑफिसात खुलासा मागतात तो उशिरा येणाऱ्याकडून. 'सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.' मग या बाईंना नोटीस कोणी दिली?

—

हा हिंदीतला खुलासा. तिथे दडलेलं उघड झालं की 'खुलासा हुआ'. आपल्याकडे त्याला गौप्यस्फोट म्हणतात. हिंदी कॉपी घाईघाईने मराठीत उतरवताना शब्द ओळखीचा दिसतो, म्हणून तसाच राहतो. पण फार सोवळं पाळू नका. मूळ अरबी शब्दाचा अर्थ सार, अर्क. उर्दूत आजही खुलासा म्हणजे सारांश. 'खलास' आणि 'खालसा' ही त्याचीच भावंडं. स्पष्टीकरण हा अर्थ आपणही नंतरच दिलाय.

—

वर्तमानपत्रात उपसंपादक होतो, म्हणून थोडं लांबण लावतो. आमच्याकडे खुलासा ही पानावरची जागा होती. लाचेच्या बातमीत एकाचं नाव आलं, आडनावासकट तेच नाव असलेले दुसरे गृहस्थ अंकाची घडी काखेत मारून ऑफिसात हजर. 'मुलीचं लग्न ठरतंय हो माझ्या!' दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर तळाला चार ओळी : 'सदर इसमाचा यांच्याशी काहीही संबंध नाही.' छापलेला अंक परत बोलावता येत नसे, म्हणून खुलासा. वाचनालयाच्या फायलीत चूकही राही, खुलासाही.

आता बातमी उघडायची, नाव बदलायचं, सेव्ह. वर 'अपडेटेड : सायंकाळी ५.४०' एवढंच. काय बदललं, ते गुलदस्त्यात. जुन्या खुलाशाला कामच उरलं नाही, मग मथळेवाल्यांनी त्याला कामाला लावलं. (ही माझी व्युत्पत्ती, कोशात शोधू नका.)

—

काका, अर्धंच पटलं. बातमी पहिल्या पानावर आणि खुलासा पाचव्या पानाच्या तळाला, शेअर बाजाराच्या खाली. कोण वाचत होतं? वेबवर निदान जिथे चूक तिथेच दुरुस्ती होते.

—

होते ना, ताई. पण पहिल्या मिनिटाला गेलेलं नोटिफिकेशन परत येत नाही. फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट जुन्या नावाचाच फिरतो आणि लिंक उघडली तर नाव नवं. खोटं कोण बोललं, यावरून आमच्याकडे दोन मावश्या अबोल्यावर आहेत.

—

मूळ शंकावाला परत. माझी मैत्रीण एका पोर्टलच्या डेस्कवर आहे. विचारलं, तर म्हणाली, 'आम्ही एडिट मारतो.' वाचकाला सांगायचं असेल तर काय लिहिता, या प्रश्नावर तिने हसणारी इमोजी पाठवली. 'चूकभूल' कसा वाटतो?

—

ते किराणा दुकानाच्या बिलावर. चू. भू. द्या. घ्या. साधं 'दुरुस्ती' लिहा, पुढे वेळ, आधी काय होतं आणि आता काय आहे. एवढं लिहिलंत तर वर 'खुलासा' घातलात तरी माझी हरकत नाही.