ई-टाइपचे वाढलेले 9 इंच: नेमके बिघडले कुठे?

वळणवाट
जुन्या गाड्यांच्या देखणेपणाचा विषय निघाला की रंग, क्रोम आणि दिवे यांवरच चर्चा अडते. माझ्या मते गाडी देखणी की बेढब हे तिच्या अंगाच्या मापांवर ठरते, आणि जॅग्वार ई-टाइप हा त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. मार्च 1961 मध्ये ती जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली तेव्हा तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, 96 इंच होता. ओळीत सहा सिलिंडर असलेले इंजिन लांबीने बसवल्यामुळे बॉनेट लांबलचक झाले आणि माणसे जवळजवळ मागच्या चाकांना टेकून बसू लागली. कडेने पाहिले की गाडी झेप घेण्यापूर्वीच्या चित्त्यासारखी मागे दबलेली वाटते. 1966 साली मागे दोन लहान आसने देण्यासाठी 2+2 काढली आणि व्हीलबेस 105 इंच झाला. ही वाढ बहुतांशी दारात गेली, बॉनेट मात्र जवळपास तेवढेच राहिले. दार लांबल्यामुळे बॉनेटचा रुबाब गेला. इतकी सुंदर गाडी 9 इंचांपायी बिघडावी याचे मला खरोखर वाईट वाटते.

मागचीसीट
निदानच पटत नाही. 1971 मध्ये बारा सिलिंडरचे इंजिन घेऊन आलेली उघड्या टपाची ई-टाइप याच 105 इंचांवर उभी आहे आणि तिला बेढब म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. दोष लांबीचा असता तर तो तिच्यातही दिसायला हवा होता. 2+2 मध्ये मागे बसणाऱ्यांच्या डोक्याला जागा हवी म्हणून छप्पर सुमारे 2 इंचांनी उचलले आणि पुढची काच अधिक उभी झाली; डोळ्याला खुपते ती ही उंची. 1968 च्या दुसऱ्या मालिकेत 2+2 च्या काचेचा पाया पुढे सरकवून तिला अधिक तिरपे केले, तेव्हा व्हीलबेसमध्ये काहीही बदल न होता गाडी सावरली. शिवाय मुले झाल्यावरही ज्यांना ई-टाइप सोडायची नव्हती, त्यांच्यासाठी ही गाडी होती, हे विसरून तिला नावे ठेवणे अन्यायाचे आहे.

वळणवाट
काचेचा मुद्दा रास्त आहे, पण उघड्या गाडीचे उदाहरण मला मान्य नाही. छप्परच नसल्यामुळे तिथे माणसांचा डबा किती लांब आहे हे डोळा मोजतच नाही. त्यातच 1971 च्या गाडीत दोन चाकांमधली रुंदी वाढवली, टायर जाड केले आणि चाकांवरचे पत्रे बाहेर फुगवले. कडेने काढलेल्या छायाचित्रात तेवढा फुगवटा झाकून पाहा; लांबलेले दार लगेच नजरेत भरते.

पत्राकाम
आपण दोघेही 96 इंचांना आदर्श धरून चालला आहात. 1955 च्या सिट्रोएन डीएसचा व्हीलबेस 3125 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 123 इंच होता. मागची चाके पार शेपटाकडे होती आणि मागच्या चाकांमधली रुंदी पुढच्यापेक्षा 200 मिलिमीटरने कमी होती. कोणत्याही ठोकताळ्याने ती विचित्र दिसायला हवी, पण छप्परापासून शेपटापर्यंतची तिची रेषा पहिल्यापासून त्या लांबीसाठीच आखलेली असल्यामुळे ती डौलदार दिसते. ई-टाइपचा आकार विमानांच्या कारखान्यात घडलेल्या माल्कम सेयर यांनी गणिताने आखला. अशा वक्ररेषेच्या मधोमध नंतर 9 इंच घातले की उतार दोन्ही टोकांशी जुळत नाही. लांबीही दोषी नाही आणि उंचीही नाही; तयार झालेल्या अंगाला जोड दिला, हा दोष आहे.

मागचीसीट
मग सगळा निवाडा कडेच्या छायाचित्रावरूनच का? रस्त्यावर गाडी आपल्याला बहुधा पुढच्या कोपऱ्यातून दिसते, आणि तिथून दाराची लांबी आक्रसते. पुढे येतात ते बॉनेटचा फुगवटा, काचेखालचे दिवे आणि निमुळते तोंड, जे 1966 च्या 2+2 मध्येही जसेच्या तसे आहे. मागच्या कोपऱ्यातून छप्पर जड वाटते, हे मला मान्य आहे. पण ती बेढब आहे असे म्हणणाऱ्याने ती कुठे उभे राहून पाहिली, हेही सांगावे.