रांगेबाहेर थांबण्याची सोय

काहीजण म्हणतात की थीम पार्कमध्ये अपंगांना रांगेबाहेर थांबू देण्याची सवलत म्हणजे सरळ रांग मोडणं. मला हे अजिबात पटत नाही. डिस्नेच्या 'डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस'मध्ये राइडसाठी परत यायची वेळ देतात, आणि ती साधारण त्या वेळच्या रांगेइतकीच लांबची असते. थांबावं लागतंच, फक्त गर्दी-गोंगाटाबाहेर. स्वमग्न मुलासाठी हा फरक फार मोठा आहे. अपंगांना आधी मिळणाऱ्या सवलतीच्या कार्डाचा गैरवापर झाला म्हणून तर २०१३ मध्ये ही पद्धत आणली. पण २०२४ मध्ये निकष आवळून ती स्वमग्नता किंवा तत्सम विकासात्मक अपंगत्वापुरती ठेवली, हे मात्र अन्यायाचं वाटतं. क्रोन्ससारख्या आतड्याच्या आजारात शौचालयासाठी अचानक रांग सोडावी लागते. पार्कने 'जाऊन या, पुन्हा आत घेऊ' म्हणणं ठीक, पण एकट्या आईने लहान मुलाला रांगेत कुणाच्या भरवशावर सोडायचं?