मदत हवी आहे : आजोबांच्या संगीतसंग्रहातले बिघडलेले टॅग, नाट्यसंगीत आणि घरची ध्वनिमुद्रणं

अंत्रुजकर

नमस्कार मंडळी,

फोंड्याला आमच्या घरी आजोबांनी आयुष्यभर जमवलेल्या कॅसेटी आणि सीडी आहेत. काकांनी त्या हळूहळू संगणकावर उतरवल्या. कॅसेटी फ्लॅकमध्ये आहेत, सीडी बहुतेक एमपी३ मध्ये. सगळ्या मिळून पाच हजारांच्या आसपास फायली होतील. एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आणि नॅव्हिड्रोम हा गाणी ऐकवणारा सर्व्हर टाकून मी त्या घरभर ऐकायची सोय केली आहे. नॅव्हिड्रोम फोल्डर पाहत नाही, फक्त टॅग, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेली गाण्याची माहिती, वाचतो. त्यामुळे इतकी वर्षं फोल्डरांच्या आड झाकलेला सगळा गोंधळ आता पडद्यावर दिसतो आहे.

पहिला त्रास अक्षरांचा. फ्लॅक फायली ठीक आहेत, एमपी३ मध्ये मात्र नाना प्रकार दिसतात. काही ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हं आहेत. काही ठिकाणी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्यामागे चलनाची गोल खूण किंवा जपानी येनचं चिन्ह, मग आणखी काहीतरी, आणि हेच ओळभर पुन्हा पुन्हा. काही गाण्यांची नावं मराठीत नीट दिसतात, पण मध्येच तुटतात. आणि काही ठिकाणी रोमन अक्षरं आणि कंस यांची अशी सरमिसळ आहे की त्यातून एक शब्दही लागत नाही.

दुसरा त्रास नावांचा. पंडित जितेंद्र अभिषेकी आमच्या सर्व्हरवर निरनिराळे कलाकार म्हणून बसले आहेत: ‘पं.’ लावून, न लावता, ‘जितेन्द्र’ असं लिहून, आणि शिवाय रोमन लिपीत. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर यांचंही तेच. आई फोनवर मराठीतच टाइप करते, भाची रोमनमध्ये शोधते, आणि दोघींना एकाच गायकाची वेगवेगळी गाणी मिळतात. नावांसाठी एकच लिपी धरायची तर कोणती?

तिसरा त्रास नाट्यसंगीताचा. ‘मत्स्यगंधा’चंच घ्या. नाटक वसंत कानेटकरांचं, १९६४ सालचं. संगीत अभिषेकीबुवांचं, गाणारे रामदास कामत आणि आशालता वाबगावकर. ‘कलाकार’ या रकान्यात कोणाचं नाव घालायचं? काकांनी दर गाण्याला त्या त्या गायकाचं नाव दिलं आहे. ते चूक म्हणवत नाही, पण त्यामुळे एका नाटकाचे अल्बम म्हणून दोन-तीन तुकडे झाले आहेत. रागसंगीतात राग आणि ताल कुठे लिहायचा, हाही प्रश्न आहेच.

आता ज्यासाठी खरं म्हणजे हा धागा काढला, ते सांगतो. संग्रहाचा मोठा भाग घरचा आहे. चवथीला (गणेश चतुर्थीला) आमच्याकडे घुमट या मातीच्या तालवाद्यावर होणाऱ्या घुमट आरत्या, देवळातली भजनं, जत्रेत गावच्या मंडळींनी केलेल्या संगीत नाटकांतली पदं, हे सगळं आजोबांनी साध्या टेपरेकॉर्डरवर टिपून ठेवलं. प्रत्येक कॅसेटच्या आतल्या कागदावर त्यांच्या अक्षरात नोंद आहे: कोण गायलं, पेटीवर कोण, घुमट कोणी वाजवलं, त्याच्या साथीचं शामेळ हे तालवाद्य कोणाकडे होतं, कुठल्या देवळात, कुठल्या साली. यातले कितीतरी जण आज हयात नाहीत. गोव्याच्या पावसाने बऱ्याच टेपांवर बुरशी चढली आहे आणि कागदांची शाईही फिकी पडत चालली आहे. या फायली कुठल्याच डेटाबेसमध्ये सापडणार नाहीत. त्या कागदावर जे आहे ते टॅगमध्ये नीट उतरलं नाही, तर आणखी वीस वर्षांनी त्या फायली म्हणजे कोणाचे तरी आवाज एवढंच उरेल. म्हणून रकाने एकदा विचार करून ठरवायचे आहेत, पुन्हा पुन्हा बदलायला लागू नयेत.

पिकार्ड हे टॅग लावणारं सॉफ्टवेअर थोडंसं चालवून पाहिलं आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

नभोवाणी

अंत्रुजकर, कुठल्याही टॅगला हात लावण्याआधी सगळा संग्रह बाहेरच्या डिस्कवर जसाच्या तसा उतरवून ठेवा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. मग पुढचं.

तुम्ही सांगितलेले अक्षरांचे प्रकार एकाच दुखण्याचे नाहीत, प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

तिरक्या रेघेचा ए आणि चलनाच्या खुणा जिथे दिसतात, तिथे मजकूर जिवंत आहे. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पहिली बाइट सगळ्यांची एकच. कुठल्या तरी सॉफ्टवेअरने त्या बाइट युरोपीय लिपीच्या समजून एकेक करून वाचल्या, म्हणून दर तीन खुणांमागे तोच ए येतो. हे उलट फिरवता येतं. एमपी३टॅग या सॉफ्टवेअरमध्ये कोडपेज (कुठल्या बाइटचं कुठलं चिन्ह, याचा तक्ता) बदलण्याची क्रिया आहे. तुम्ही लिनक्सवर आहात, तर पायथन सोयीचं पडेल: म्युटाजेन टॅग वाचतं-लिहितं, आणि एफटीएफवाय नावाची लायब्ररी नेमका असा बिघडलेला मजकूर सुधारण्यासाठीच केलेली आहे. आधी काहीही न लिहिता जुनं नाव आणि सुधारलेलं नाव शेजारी शेजारी एका तक्त्यात काढा, डोळ्यांखालून घाला, मगच फायलींत लिहा.

इथे एक खाचखळगा आहे. विंडोज-१२५२ या कोडपेजमध्ये पाच बाइटना कुठलंच चिन्ह दिलेलं नाही, आणि देवनागरीतला हलन्त आणि ऱ्हस्व उकार यांच्या शेवटच्या बाइट नेमक्या त्या पाचांत येतात. ए, ऐ आणि झ यांच्याही. काही सॉफ्टवेअर या बाइट गाळून टाकतात, मग उलट फिरवल्यावर जोडाक्षरं तुटतात. पडताळायला ‘मोगूबाई कुर्डीकर’ हे नाव उत्तम, त्यात उकार आणि हलन्त दोन्ही आहेत. ते नीट परत आलं तर बाकीचं बहुतेक येईल. ‘केसरबाई केरकर’वर तपासू नका, ते नाव सगळं बिघडलेलं असतानाही ठीक दिसेल.

प्रश्नचिन्हं म्हणजे मजकूर गेला. जिथे मावत नाही तिथे कोंबल्यामुळे सॉफ्टवेअरने स्वतःच ‘?’ लिहून ठेवलं आहे, मागे काहीच शिल्लक नाही. फाइलच्या नावात काही उरलं असेल तर तिथून घ्या, नाहीतर कव्हर बघून टाइप करणं आलं.

मध्येच तुटलेली नावं म्हणजे आयडी३ची, एमपी३ फायलींतल्या टॅगच्या पद्धतीची, पहिली आवृत्ती. त्यात शीर्षकाला फक्त ३० बाइट मिळतात, म्हणजे मात्रा आणि हलन्त धरून देवनागरीची दहा चिन्हं. दुसऱ्या आवृत्तीचा टॅग त्या फायलींत नाहीच, तो नव्याने घालावा लागेल.

आणि ती अगम्य रोमन सरमिसळ बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फाँटात टाइप केलेली आहे. फाँट कुठला ते ओळखू आलं की त्याचा कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो.

नवे टॅग लिहिताना घरच्या सर्व्हरसाठी आयडी३ २.४ आणि यूटीएफ-८ घ्या. गाडीतला किंवा जुना प्लेअर वापरायचा असेल तर २.३ आणि यूटीएफ-१६, कारण २.३ मध्ये यूटीएफ-८ बसत नाही.

काळी पाच

मी साधकही आहे आणि संग्राहकही, म्हणून रकान्यांबद्दल लिहितो.

लिपीबद्दल माझं मत ठाम आहे: मराठी गाणं, मराठी नाव, देवनागरीत. भाचीसाठी दुसरा मार्ग आहे. प्रत्येक कलाकाराला क्रमवारीचं नाव म्हणून एक वेगळा रकाना असतो. म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या डेटाबेसचा नियमच असा आहे की नाव कुठल्याही लिपीत असलं तरी क्रमवारीचं नाव रोमनमध्ये लिहायचं. तेच तुम्ही करा. तुमच्या सर्व्हरचा शोध त्या रकान्यातही पोचतो का, ते दोन-चार गाण्यांवर आधी पाहून घ्या. ‘पं.’, ‘विदुषी’, ‘मास्टर’ ही संबोधनं रकान्यात ठेवू नका. आदर मनात असतोच, यंत्राला मात्र त्यातून दुसरा माणूस दिसतो. नावांची एक यादी करून भिंतीला लावा आणि नाव नेहमी त्या यादीतूनच चिकटवा. इंटरनेटवरून उचललेल्या नावांत कधी कधी न दिसणारं जोडचिन्ह लपलेलं असतं. दोन नावं डोळ्यांना सारखी दिसतात आणि सर्व्हरला वेगळी.

नाट्यसंगीतात ‘कलाकार’ म्हणजे गाणारा, तिथे काकांचं बरोबरच आहे. चुकतंय ते ‘अल्बम कलाकार’ रिकामा राहिल्यामुळे. एका नाटकाच्या सगळ्या पदांना तो एकच द्या, की तुकडे जुळतील. मी तिथे संगीतकाराचं नाव घालतो. ‘विविध कलाकार’ घातलं तर सगळी नाटकं एका ढिगाऱ्यात जाऊन पडतात, आणि नाटकाला जी ओळख आहे ती निम्मी तरी संगीतकाराची असते. संगीतकार आणि गीतकार यांचे वेगळे रकाने आहेतच, तेही भरा. अभिषेकीबुवा कुठे गायक आहेत आणि कुठे संगीतकार, हे त्यातूनच कळेल. ज्या कॅसेटवर निरनिराळ्या नाटकांतली निवडक पदं आहेत तिथे मात्र ‘विविध कलाकार’ योग्य, आणि नाटकाचं नाव ‘गट’ म्हणजे ग्रुपिंगच्या रकान्यात. साल लिहिताना ध्वनिमुद्रिका मूळ निघाली ते साल आणि तुमच्याकडची प्रत निघाली ते साल यांना वेगळे रकाने आहेत, ते एकत्र करू नका.

रागाला आयडी३मध्ये स्वतःचा रकाना नाही. मी शीर्षकात आधी राग लिहितो, मग बंदिशीचे बोल, आणि शिवाय ‘राग’ व ‘ताल’ असे स्वतःचे रकाने बनवतो. आज ते कुठे दिसले नाहीत तरी फाइलमध्ये राहतात.

पिकार्डबद्दल एक इशारा. ते आवाजाच्या ठशावरून ध्वनिमुद्रण ओळखतं, अल्बम नाही. केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांच्या सुवर्णतबकडीवर गेली आणि नंतर कितीतरी संकलनांत आली. अशा गाण्याला पिकार्ड तुमच्या कॅसेटऐवजी भलत्याच संकलनात नेऊन बसवू शकतं. त्यामुळे उजवीकडचा अल्बम स्वतः निवडल्याशिवाय सेव्ह करू नका.

अंत्रुजकर

दोघांचेही मनापासून आभार. तक्ता काढून पाहिला. ‘कुर्डीकर’ बहुतेक ठिकाणी नीट परत आलं. एका सीडीसंचात मात्र हलन्त हरवले आहेत, ते हाताने घालावे लागतील. ‘अल्बम कलाकार’ भरल्याबरोबर ‘मत्स्यगंधा’ एकसंध झालं.

घरच्या ध्वनिमुद्रणांचं काय करावं? वाजवणाऱ्यांची नावं ‘कलाकार’मध्ये घातली तर आमच्या शेजारच्या घुमटवाल्यांची नावं थेट दीनानाथांच्या शेजारी येतील. आईला ते आवडेल, पण गाणी शोधायला अवघड होईल का?

काळी पाच

येऊ द्या की शेजारी! ते गायले-वाजवले आहेत, त्यांचा तो हक्क आहे. घुमट २०१९ पासून राज्याचं वारसा वाद्य आहे, मग ते वाजवणाऱ्याचं नाव कलाकारांत का नको?

व्यवस्था अशी करा. ‘कलाकार’मध्ये मुख्य गाणाऱ्यांची नावं, एकाहून जास्त असतील तर प्रत्येक नाव वेगळं मूल्य म्हणून, स्वल्पविरामाने जोडून एक लांबलचक नाव करू नका. साथीदारांसाठी वाद्यासह नाव लिहायचा रकाना असतो; फ्लॅकमध्ये ‘परफॉर्मर’ म्हणून तो कितीही वेळा घेता येतो आणि तुमच्या कॅसेटी फ्लॅकमध्येच आहेत, हे फार बरं. ‘अल्बम’मध्ये प्रसंग, जागा आणि साल: ‘चवथ, आमचं घर’, ‘जत्रा, म्हार्दोळ’ असं, जसं कागदावर असेल तसं. ‘अल्बम कलाकार’ सगळ्यांना ‘घरची ध्वनिमुद्रणं’ हा एकच. म्हणजे यादीत ती एकत्र सापडतील आणि कलाकारांचीही नावं जागच्या जागी राहतील. साल नक्की नसेल तर तारखेचा रकाना रिकामा ठेवा आणि अंदाज शेऱ्यात लिहा. रकान्यात एकदा घातलेलं साल पुढच्या पिढीला खरंच वाटतं.

नभोवाणी

यात दोन गोष्टी वाढवतो. आजोबांचा कागद जसाच्या तसा, त्यांच्याच शब्दांत आणि शुद्धलेखनात, ‘शेरा’ रकान्यात टाइप करा. बाकीचे रकाने हा आपण लावलेला अर्थ आहे, मूळ मजकूर शेजारी असला की नंतर कोणालाही पडताळता येईल. आणि त्या कागदाचा फोटो त्याच फाइलमध्ये चित्र म्हणून बसवा. फ्लॅकमध्ये एकाहून अधिक चित्रं राहतात, त्यामुळे मुखपृष्ठ काढायची गरज नाही. फोटो उजेडात काढा, शाई फिकी असेल तर आताच, या पावसाच्या आधी.

पिकार्डच्या पर्यायांत ‘हे टॅग जपून ठेवा’ अशी यादी असते, तिच्यात शेरा, गट, राग, ताल आणि परफॉर्मर घालून ठेवा. घरची ध्वनिमुद्रणं मात्र पिकार्डमध्ये ओढूच नका, त्यांच्यासाठी किड३ हे टॅग हाताने भरायचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यांचा फोल्डरही वेगळा ठेवा, की कोणी संपूर्ण संग्रह एकदम स्कॅन केला तरी तिथे हात पोचणार नाही.

अंत्रुजकर

हे अगदी पटलं. कागदांचे फोटो काढायचं काम भाचीने अंगावर घेतलं आहे, आणि जी अक्षरं लागत नाहीत ती आई वाचून देते आहे. म्हार्दोळच्या एका कॅसेटवर पेटीवाल्यांचं फक्त आडनाव आहे. गावात त्यांचे चुलतभाऊ आहेत, त्यांना विचारून मगच तो रकाना भरेन.