मदत हवी आहे : शार्कच्या पोटाचा उजेड दिसून नाही राहिला

कास्तकार_दारव्हा : राजेहो, पोराचं विज्ञान प्रदर्शन आहे. थर्माकोलचा शार्क केला, पोटाला बारके लाइट लावले, खोका आतून काळा रंगवला. वरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. लाइट वाढवले तर गणपतीची आरास वाटते. सोमवारी न्यायचं आहे, लवकर सांगा.

गजू_वायरमन : सेलवर की अडॅप्टरवर? माझं ऐका, लाइट काढा अन् रेडियमचे स्टिकर लावा. लाइन गेली तरी चमकते.

निवृत्त_मास्तर : शार्क कोणता? मुलगा कितवीत?

कास्तकार_दारव्हा : आठवीत. लहानवाला आहे, खोल पाण्यातला. वहीत 'ड्वार्फ लँटर्नशार्क' लिहिलं आहे.

निवृत्त_मास्तर : हे आधी सांगायचं ना! कोलंबिया-व्हेनेझुएलाजवळ, कॅरिबियन समुद्रात, २८३ ते ४३९ मीटर खोलीवर सापडलेला. नाव मिळालं १९८५ साली. लांबी जेमतेम २० सेंटीमीटर, फूटपट्टीच्या आत मावतो. खोली म्हणाल तर साठ फुटी विहिरी एकाखाली एक चोवीस धरा. तिथे वरून अंधुक निळा उजेड झिरपतो. खालच्या मोठ्या माशाला याची काळी सावली दिसू नये म्हणून पोट तेवढंच उजळतं. तो उजेड लपायचा आहे भाऊ, मिरवायचा नाही. वरून पाहून काय दिसणार?

अकोलेकर_३ : सर्वात लहान शार्क पिग्मी आहे. उगाच काहीही सांगू नका.

निवृत्त_मास्तर : पिग्मी याच्याहून मोठा होतो. आणि ते विचारलं कोणी?

गजू_वायरमन : मंग रेडियमनं काय बिघडलं?

निवृत्त_मास्तर : ते हिरवं चमकतं, तेही आधी उजेडात ठेवलं तर. हा मासा कातडीतल्या बारीक अवयवांत स्वतः उजेड तयार करतो.

वैनगंगाकाठ : सोडा ते. भंडाऱ्याहून जिवंत झिंगे पाठवू का?

सुमनताई_वणी : शार्कचं तेल गुडघ्याला चालते का हो?

कास्तकार_दारव्हा : खोक्याच्या तळाला भोक पाडलं, वरून निळा जिलेटीन कागद अन् टॉर्च. पोरगा टेबलाखाली उताणा पडून पोटाचे लाइट कमी-जास्त करून राहिला. आत्ताच ओरडला, "बाबा, गायब झाला!" पण परीक्षक टेबलाखाली निजतील काय?

गजू_वायरमन : दाढीचा आरसा ठेवा ना खाली, तिरपा.